पाट्यांपासून स्प्रिंगपर्यंत

मृग नक्षत्र तोंडावर आलं होतं. एका संध्याकाळी माझा पुतण्या अंगणात गाडी उभी करून आत आला, पाणीसुद्धा न घेता म्हणाला, "काका, तुम्ही तीस वर्षं पोरांना हूकचा नियम शिकवलात. आता मला सांगा, गाडीला कुठली स्प्रिंग घालू? आणि पैसे कमी आहेत, हे आधीच सांगतो."

पाटण तालुक्यातल्या आमच्या वरच्या वाड्यांमधून तो सकाळ-संध्याकाळ दूध खाली आणतो. जुनी, चारही चाकांनी ओढणारी गाडी आहे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण गाडीचा दोष काही नव्हता. पावसाळ्यात त्याच गाडीतून कॅनच्या जागी माणसं येतात. कुणी तापानं फणफणलेलं, कुणी साप चावलेलं, कुणी अडलेली बाई. त्यामुळे प्रश्न दिसायला स्प्रिंगचा असला, तरी मला तो तेवढाच वाटला नाही. त्याचं कारण आमच्या घरात जुनं आहे, ते पुढं सांगतो.

रेडिओवर चित्र काढून दाखवता येत नाही. म्हणून तुम्हीच असं करा, एक प्लॅस्टिकची फूटपट्टी घ्या आणि एक बॉलपेन उघडा. फूटपट्टी दोन टोकांवर टेकवून मधे दाबली की ती वाकते आणि सोडली की पुन्हा सरळ होते. हा झाला पाटा. बॉलपेनमधून जी बारीक गुंडाळी निघते ती कॉइल स्प्रिंग. गाडीखाली लागतात त्या दोन्ही गोष्टी याच, फक्त पोलादाच्या आणि बोटाएवढ्या जाड. एक फरक मात्र आत्ताच ध्यानात ठेवा. फूटपट्टी दोन्ही टोकांना बांधून ठेवली, तर तिच्या मधोमध बांधलेली वस्तू वरखाली होते, पण पुढंमागं किंवा आडवी सहसा सरकत नाही. बॉलपेनची स्प्रिंग उभी धरून वर काही ठेवा, ते कुठंही कलंडतं. गाड्यांच्या पुढच्या शंभर वर्षांच्या इतिहासाचं बरंचसं मर्म एवढ्यात आहे.

बैलगाडीला स्प्रिंग नसते. चाकाला बसलेला दणका सरळ बसणाऱ्याच्या मणक्यात जातो. युरोपातल्या घोडागाड्यांचीही फार काळ हीच गत होती. फार तर गाडीची पेटी चामड्याच्या पट्ट्यांना टांगत, म्हणजे ती पाळण्यासारखी झुलायची. इंग्लंडमधल्या रॉबर्ट हूकनं स्प्रिंगचा नियम आधी १६७६ मध्ये अक्षरांची उलटापालट करून कोड्यासारखा छापला आणि १६७८ मध्ये त्याची उकल दिली. जेवढा ताण, तेवढं बळ. म्हणजे स्प्रिंग दुप्पट दाबायची तर जोरही दुप्पट लावावा लागतो. नियम हाती आला, तरी रस्त्यावरच्या माणसाला त्याचा उपयोग व्हायला सव्वाशे वर्षं लागली. १८०४ मध्ये ओबादाया इलियट या गाडी बांधणाऱ्या इंग्रजानं एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांचं, लंबगोल आकाराचं पेटंट घेतलं आणि घोडागाडी हलकी झाली. आपल्याकडच्या टांग्याखाली ज्या कमाना असत, त्या याच कुळातल्या.

मोटार आली ती घोडागाडीचेच पाटे घेऊन आली. १९०८ मध्ये हेन्री फोर्डची मॉडेल टी निघाली. तिच्या खाली चार पाटे नव्हते, दोनच होते. एक पुढं आडवा, एक मागं आडवा. अमेरिकेतल्या खेड्यांमधले रस्ते तेव्हा चिखलाचे. शेतकऱ्याला परवडेल आणि चिखलातून निघेल अशी गाडी करायची, तर जेवढे भाग कमी तेवढं बरं, हा फोर्डचा हिशेब. आडव्या पाट्यावर गाडी तिन्ही दिशांना पिळून निघायची आणि चाकं जमीन सोडत नसत. दीड कोटीवर गाड्या त्यावर धावल्या. म्हणजे वाईट रस्त्यासाठी स्वस्त स्प्रिंग कुठली, हा माझ्या पुतण्याचा प्रश्न काही नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी तो एकदा सोडवून झाला होता आणि उत्तर होतं, पाटा.

तेच उत्तर अमेरिकी लष्करानं १९४० मध्ये पुन्हा काढलं. युरोपात युद्ध पेटलं होतं आणि लष्कराला हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. पहिला नमुना ४९ दिवसांत आणून द्या, ही अट. बँटम नावाच्या बुडीत निघालेल्या छोट्या कंपनीनं कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याला बोलावलं, त्यानं भराभर आराखडे केले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी लष्कराच्या तळावर पोचली. एवढ्या घाईत कोण नवी स्प्रिंग शोधत बसणार? चार कोपऱ्यांना चार पाटे, त्यांना यू बोल्टनं बांधलेले दोन भक्कम ॲक्सल. पाटाच भार झेलतो आणि पाटाच ॲक्सलला जागेवर धरतो. दुसरा दांडा नको, दुसरा जोड नको. पुढं विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीप केल्या.

ही जीप आपल्याकडे आली ती युद्धाबरोबर, आणि युद्ध संपल्यावर मागं राहिली. १९४५ मध्ये मुंबईत जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र या महिंद्र बंधूंनी गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि नंतर गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीच्या नावातलं मोहम्मद जाऊन दोन महिंद्र राहिले. विलीजची जीप त्यांनी आधी जुळवायला आणि मग इथंच बनवायला घेतली. धरणं, कालवे, देवीची लस, निवडणुकीच्या पेट्या, दुष्काळी कामं, जिथं सरकार पोचलं तिथं ते बहुधा जीपमधून पोचलं. आणि त्या प्रत्येक जीपखाली १९४० च्या घाईतले पाटे होते.

आमचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, अशाच एका सरकारी जीपचे ड्रायव्हर होते. दर रविवारी ते जीपखाली पोत्यावर आडवे व्हायचे आणि पाट्यांच्या फटींमधून जळकं ऑइल सोडायचे. पाटे एकमेकांवर घासतात म्हणून ते करकरतात, गंजतात आणि गंजले की जखडतात. जखडलेला पाटा म्हणजे लाकडी ओंडका. घासण्याचा एक फायदाही असतो बरं का. त्या घासण्यामुळेच उसळी लवकर जिरते, शॉकॲब्सॉर्बर गेलेला असला तरी गाडी चालते. आमच्या लहानपणी बहुतेक जीपचे शॉकप नावालाच असायचे आणि ते कुणाला समजायचंही नाही. समजायचं ते आबांच्या कंबरेला. चाळिशीतच त्यांना सकाळी उठताना भिंत धरावी लागायची. आई वाळूची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकायची. त्या वेळच्या कुठल्याही जीप ड्रायव्हरच्या घरी जा, तिथं अशी पुरचुंडी दिसायची.

१९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आमच्या भागातले रस्ते आधीच कसेबसे होते, त्यात भेगा आणि दरडी. पुढच्या पावसाळ्यात, म्हणजे १९६८ मध्ये, एका रात्री आबा वरच्या वाडीतून अडलेल्या बाईला घेऊन खाली निघाले. बरोबर तिची सासू आणि एक सुईण. उतारावर डावीकडच्या पुढच्या चाकाचा मेन पाटा तुटला. मेन पाटा म्हणजे सगळ्यांत वरचा, ज्याच्या टोकाला डोळा असतो आणि जो चासीला जोडलेला असतो. तो डोळ्याजवळ तुटला की ॲक्सलला धरणारं काही उरत नाही. चाक मागं सरकतं आणि स्टिअरिंग सरळ असतानाही गाडी एका बाजूला ओढू लागते. ओढ होती दरीकडे.

आबांनी गाडी दगडाला टेकवली. पावसात ओल्या लाकडाचा ठोकळा तासून चासी आणि ॲक्सलच्या मधे बसवला, साखळीनं ॲक्सल पुढं ताणून बांधला आणि पहिल्या गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या वेगानं, बाकीची वाट काढली. कराडला पोचायला उजाडलं. बाई वाचली. मूल राहिलं नाही. डॉक्टर त्यावर काही बोलले नाहीत आणि उशीर झाला नसता तर काय झालं असतं, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण आबा २००४ मध्ये गेले तोपर्यंत ती गोष्ट निघाली की एकच वाक्य म्हणायचे, "पाटा मी आदल्या रविवारी बघितला होता." तुटलेला तो तुकडा त्यांनी टाकला नाही.

आता स्प्रिंगकडे येतो. कॉइल स्प्रिंग काही पाट्यानंतर शोधली गेलेली नाही. मग मोटारीखाली यायला तिला वेळ का लागला? कारण ती ओझं पेलते, पण ॲक्सलला धरून ठेवत नाही. त्यासाठी वेगळे दांडे लागतात, दांड्यांना रबरी बुश लागतात आणि उसळी जिरवायला चांगले शॉकॲब्सॉर्बर लागतात. एका पाट्याचं काम तीन जणांत वाटून द्यावं लागतं, आणि तिघांनाही पगार द्यायचा.

तो पगार देण्याजोगा आहे, हे पटवणाऱ्यांत मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्याचं नाव मोठं आहे. रोल्स रॉइसमधून तो अमेरिकेत जनरल मोटर्सकडे गेला. १९३० नंतर त्यानं एका मोठ्या कॅडिलॅकला वजनं अडकवण्याची सोय केली. वजनं पुढंमागं सरकवायची, स्प्रिंग बदलायच्या आणि आपण स्वतः बसून फिरायचं. त्यातून त्याला एक गंमत समजली. पुढच्या स्प्रिंग मागच्यांपेक्षा मऊ असल्या, तर गाडी डोकं हलवत नाही, सपाट तरंगते. पाट्यांच्या गाड्यांत तोवर बहुधा उलटं असायचं, पुढचे पाटे ताठ, कारण मऊ पाटे स्टिअरिंगला डुलवायचे. १९३४ च्या गाड्यांमध्ये जनरल मोटर्सनं पुढं कॉइल स्प्रिंग आणि दोन्ही चाकं स्वतंत्र, अशी रचना आणली. शहरातल्या मोटारी सुखी झाल्या.

जीप मात्र तशीच राहिली. १९४८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर आली. मॉरिस विल्क्स यांच्या अँगलसी बेटावरच्या शेतात युद्धातली एक जुनी जीप होती, तिच्यावरून सुचलेली ही गाडी. तिलाही पाटेच. खडबडीत वाटेवरच्या गाडीला ताठ पाटेच हवेत, मऊ स्प्रिंग हा शहरी लाड, अशी समजूत घट्ट होती. मीही ती बरीच वर्षं बाळगली. वरवर पाहता ती पटतेसुद्धा.

ती मोडली विल्क्स बंधूंच्या भाच्यानं. स्पेन किंग त्याचं नाव, रोव्हर कंपनीतच अभियंता. त्याची हकीकत अशी सांगतात की, रोव्हर २००० ही शहरी मोटार त्यानं एकदा कारखान्याजवळच्या उंचसखल रानातून हाकली आणि त्याच्या लक्षात आलं की लांब पल्ल्याच्या मऊ स्प्रिंगवर ही गाडी लँड रोव्हरपेक्षा निवांत जाते आहे. अमेरिकेत फोर्डनंही तेव्हा ब्राँको या गाडीला पुढं कॉइल स्प्रिंग दिल्याच होत्या, मागं मात्र पाटे. किंगनं चारही चाकांना कॉइल स्प्रिंग दिल्या. ॲक्सल तेच भक्कम आणि अखंड, पण त्यांना धरायला लांब दांडे. १९७० च्या जूनमध्ये रेंज रोव्हर बाजारात आली.

आज रेंज रोव्हर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर धनाढ्य माणसं येतात. पहिल्या रेंज रोव्हरची आसनं साधी रेक्झिनची होती आणि आतली जमीन पाण्याच्या पाइपनं धुता यायची. मूळ विचार शेतकऱ्याचाच होता. रानात चाक खड्ड्यात गेलं की लांब स्प्रिंग त्याला खाली सोडते, चाक जमिनीला टेकून राहतं. जे चाक टेकलंय तेच ओढतं. ताठ पाट्याच्या गाडीचं चाक अशा वेळी हवेत फिरत बसतं. म्हणजे मऊ स्प्रिंग हा लाड नव्हता, ती पकड होती. स्प्रिंग बिघडवू देत नाही असंही नाही हं. १९७१-७२ च्या अमेरिका खंडांच्या मोहिमेत पनामाजवळच्या डेरियन दलदलीत रेंज रोव्हर अडकल्या, पण तिथं मोडले ते डिफरन्शिअल. बेसुमार ओझं आणि रुंद टायर यांचा तो परिणाम.

श्रीमंतांच्या गाडीतून साध्या गाडीत उतरायला स्प्रिंगला बराच काळ लागला. लँड रोव्हरच्या कामकरी गाडीला कॉइल स्प्रिंग मिळाल्या त्या १९८३ मध्ये, तेरा वर्षांनी. अमेरिकेतल्या जीप रँग्लरला १९९६ मध्ये. आपल्याकडे १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली आणि तीनहून अधिक दशकं तिचे पाटे तसेच राहिले. जिप्सीत मागं आडव्या बाकावर बसून ज्यांनी घाट उतरलाय, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. १९९८ मध्ये पुण्यात तयार झालेल्या टाटा सफारीला मागं कॉइल स्प्रिंग होत्या. महिंद्रच्या थारला २०१० मध्ये मागं पाटेच होते, २०२० च्या नव्या थारला मागंही कॉइल आल्या. फोर्सच्या गुरख्यानं २०१७ मध्ये पाटे सोडले. जिप्सीची वारस जिम्नी २०२३ मध्ये भारतात आली ती चारही कॉइल घेऊन. म्हणजे १९७० ची कल्पना आपल्या घाटात पोचायला जवळजवळ अर्धं शतक गेलं.

आबा एकदाच कॉइलच्या गाडीत बसले. माझ्या शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या नव्या गाडीतून आम्ही पाटणला चाललो होतो. ओळखीचा एक खड्डा आला तसा आबांनी सवयीनं पुढचा दांडा घट्ट धरला. गाडी पुढं गेल्यावर मागं वळून बघत म्हणाले, "खड्डा बुजवला काय रं?"

पुतण्याची गाडीही अशीच, कॉइलवरची. जुनी घेतलेली. मागच्या स्प्रिंग बसल्या होत्या, म्हणजे वर्षानुवर्षं दबून आखूड झाल्या होत्या. चाळीस लिटरचे आठ कॅन भरले की साडेतीनशे किलोच्या वर भार मागच्या ॲक्सलवर येतो आणि गाडी रबरी ठोकळ्यांवर टेकायची. त्याला चार वाटा दिसत होत्या. स्प्रिंगच्या वर स्पेसर म्हणजे ठोकळा बसवून गाडी उचलायची, हे सगळ्यांत स्वस्त. किंवा पुण्याला नाना पेठेत जाऊन दुसऱ्या कुठल्या तरी मोठ्या गाडीच्या उंच स्प्रिंग आणायच्या. किंवा बाहेरून येणारा, शॉकपसकट सगळा संच, जो त्याच्या गाडीच्या निम्म्या किमतीला पडत होता. किंवा कंपनीच्याच नव्या स्प्रिंग.

मी त्याला फळ्यावर लिहितो तसं अंगणात खडूनं लिहून दाखवलं. स्प्रिंगचा ताठपणा तीन गोष्टींवर ठरतो. तारेची जाडी, वेटोळ्याची रुंदी आणि मोकळ्या वेटोळ्यांची संख्या. यात जाडी सगळ्यांत खोडकर, तिचा चौथा घात लागतो. १४ मिलिमीटरची तार १५ ची केली, डोळ्याला फरक दिसत नाही, पण स्प्रिंग जवळजवळ एक तृतीयांशानं ताठ होते. वेटोळं रुंद केलं की ती मऊ होते, तिथं तिसरा घात. वेटोळी कमी केली की ती ताठ होते. म्हणून जे लोक गाडी खाली बसवायला स्प्रिंगचं एक वेटोळं कापून टाकतात, ते नकळत तिला ताठही करतात. आणि स्पेसरनं यातलं काहीच बदलत नाही. स्पेसर गाडी उचलतो, पण तेच कॅन टाकले की ती पूर्वीएवढीच दबते. उंच दिसणं वेगळं आणि ओझं पेलणं वेगळं.

"मग ताठ घेऊ का, काका?" तो म्हणाला. त्याला दुसरा हिशेब सांगितला. उभ्या गाडीच्या वजनानं स्प्रिंग जेवढी दबते, त्यावर तिचे हेलकावे ठरतात. पंचवीस सेंटिमीटर दबली तर मिनिटाला साठेक हेलकावे, सहा सेंटिमीटरच दबली तर एकशेवीस. साठ ते नव्वद माणसाला सोसतात. त्याच्या वर गेलं की पोटातलं पाणी हलतं. कॅनना ते चालेल. पावसाळ्यातल्या बाईला चालणार नाही.

त्यानं मान डोलावली आणि चार दिवसांनी नेमकी दुसरी वाट धरली. तालुक्याच्या एका गॅरेजमधे जुन्या, उंच, ताठ स्प्रिंग निम्म्याहून कमी पैशांत बसवून आला, वर स्पेसर फुकट. गाडी तीन इंच उंच झाली, पोरं भोवती जमली. मीही काही बोललो नाही. तरुण माणसाच्या आनंदावर लगेच पाणी ओतू नये, असं मला वाटलं, आणि ही माझी चूक होती.

पंधरवड्यानं वाडीच्या चढाखाली टायर पंक्चर झालं. मी बरोबर होतो. जॅक लावला, मागचा भाग वर उचलला, चाक खाली लोंबलं आणि मी वाकून आत पाहिलं. ब्रेकची रबरी नळी वीणेच्या तारेसारखी ताणलेली होती. जिथं ती लोखंडी नळीला जोडते, तिथं रबर पांढरं पडून बारीक चिरा दिसत होत्या. तीन इंच गाडी उचलली तेव्हा चाक तीन इंच जास्त खाली जाऊ लागलं, नळी मात्र होती तेवढीच राहिली. जुन्या गाडीत ती कधीच एवढी ताणली गेली नसती, कारण आखूड शॉकपनं चाकाला आधीच अडवलं असतं. इथं गॅरेजवाल्यानं शॉकपही लांब घातले होते. प्रोपेलर शाफ्टचा कोनही तीव्र झाला होता, म्हणून दोन दिवस घरघर येत होती. ॲक्सलला आडवं धरणारा दांडा तिरका झाल्यामुळे सगळा मागचा ॲक्सल दोन-तीन सूत एका बाजूला सरकला होता.

मी त्याला ती नळी बोटानं दाबायला सांगितली. तो बराच वेळ बोलला नाही. गेल्याच आठवड्यात त्यानं त्या गाडीतून शेजारच्या वाडीतल्या म्हातारीला खाली नेलं होतं.

त्या दिवशी आम्ही रिकामी गाडी पहिल्या गिअरवर खाली आणली. आबांच्या वेगानं.

मग निवड केली ती अशी. गाडीची उंची वाढवायचीच नाही. तशीही मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानं गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी स्पष्ट केलंय. पुढच्या स्प्रिंगना हात लावायचा नाही, त्या ठीक होत्या. ऑलीचं म्हणणं आठवा, पुढच्या मऊच बऱ्या. फक्त मागच्या दोन बदलायच्या. त्याच गाडीचा जास्त माणसं बसणारा नमुना कंपनी काढत असे. त्याच्या मागच्या स्प्रिंग त्याच उंचीच्या, पण तार किंचित जाड. त्या नव्या मिळाल्या. जुन्या घेऊ नयेत असं मी म्हणालो, कारण बसलेली स्प्रिंग दिसायला नव्यासारखीच दिसते आणि कुणाच्या गाडीखाली किती वर्षं दबली ते सांगत नाही. उजवी-डावी बघून घेतल्या. लँड रोव्हरसारख्या काही गाड्यांच्या दोन बाजूंच्या स्प्रिंग मुळातच वेगळ्या असतात, त्यांच्यावर रंगाचे पट्टे असतात ते त्यासाठीच. ड्रायव्हर एकाच बाजूला बसतो ना.

उरलेले पैसे स्प्रिंगमध्ये न घालता दोन चांगले शॉकप, दांड्यांचे सगळे बुश आणि ब्रेकच्या नव्या नळ्या यांत घातले. कमी पैशांत कॉइलची गाडी नीट करायची तर मी हाच क्रम धरीन. आधी बुश, मग शॉकप, आणि स्प्रिंग शेवटी. कॉइल तुटली तर गाडी एका बाजूला बसते, पण दांडे ॲक्सलला धरून ठेवतात. बुश गेला तर धरणाराच गेला. आबांच्या मेन पाट्याचा डोळा गेला, तसंच ते. अर्थात सगळा हिशेब जुळवल्यावर पुतण्याला दोनदा मिळून जेवढे पडले, त्यात थोडी भर घालून तो बाहेरचा मोठा संचही आला असता. तो मला हे अजून ऐकवतो. त्याला मी उत्तर देत नाही.

आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तो गाडी सपाट जागी उभी करतो, आधी रिकामी, मग आठ कॅन भरून. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं मोजतो आणि आकडा दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहितो. डावीकडचा आणि उजवीकडचा. भरल्या गाडीचा आकडा अर्ध्या इंचाहून जास्त उतरला की मला फोन करायचा, असं ठरलं आहे. अजून फोन आलेला नाही.

आबांच्या तुटक्या पाट्याचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. आईनं तो आमच्या लोहाराकडे दिला आणि त्याचा कोयता करून आणला. पाट्याचं पोलाद कोयत्याला फार चांगलं, धार टिकते, हे गावोगावच्या लोहारांना पुस्तकावाचून ठाऊक आहे. त्याच कोयत्यानं पुतण्या अजून म्हशींची वैरण तोडतो. परवा त्यानं काढलेल्या त्या उंच स्प्रिंग गोठ्यात पडलेल्या दाखवल्या आणि विचारलं, "काका, ह्यांचं काय होतं?" लोहाराला विचारून सांगतो म्हणालोय. भट्टीत तापवून गुंडाळी सरळ करता येते, पण तेवढे कोळसे घालावेत का, ते तोच ठरवील.